दीड हजाराचं डांगर

त्या हिवाळ्यात आमच्या खाटेखाली एक डांगर होतं. लाल भोपळ्याला आमच्याकडे डांगर म्हणतात. आई रोज केर काढताना ते बाजूला सरकवायची, खालची जागा झाडायची आणि पुन्हा होतं तिथं ठेवायची. कापायची मात्र नाही. "त्याचं पैसं दिलं न्हाईत अजून," एवढंच म्हणायची. बाजारात ते ऐंशी-शंभराला मिळालं असतं. आम्हाला त्याचे दीड हजार द्यायचे होते.

हे लिहावं की नाही, यात माझे बरेच दिवस गेले. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि लिहायला बसलं की अजून परीक्षेतलं उत्तर लिहितेय असंच वाटतं. शिवाय यातली माणसं आमचीच आहेत. पण आपलीच माणसं आहेत म्हणून गप्प बसायचं, हे मी खूप वर्षं केलं. आता करणार नाही.

आम्ही वारूळवाडीत राहतो. आजोबा कामासाठी नगरकडून आले आणि इथलेच झाले. गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकच. वडील टोमॅटोच्या मार्केटमध्ये क्रेट उचलतात आणि नाताळ सोडला तर चर्चला येत नाहीत. आई मात्र एक रविवार चुकवत नसे. ती चर्चला 'देऊळ' म्हणते, नगरकडची जुनी ख्रिस्ती माणसं म्हणतात तसं. आठवडाभर ती कुणाच्या ना कुणाच्या शेतात मजुरीला असते. रविवारी दोन तास ती कुणाची मजूर नसायची. गायन सुरू झालं की तिचे खांदे सैल पडायचे, हे मी लहानपणापासून शेजारी बसून पाहत आले होते.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, एका गावात भाड्याच्या हॉलमध्ये भरायची. गावाचं नाव लिहीत नाही. दिवाळीनंतर तिथं हंगामाचा सण व्हायचा. ज्याच्या शेतात, परसात जे पहिलं पिकलं असेल ते त्यानं आणायचं आणि पुढच्या टेबलावर ठेवायचं. मेथी, कांदे, उसाच्या मोळ्या, एखादी कोंबडी. उपासना झाली की त्याचा लिलाव. पाच रुपयांची कोथिंबीर पन्नासला जायची, लोक हसायचे, पैसे मंडळीच्या कामाला लागायचे. आईचा हा सगळ्यात आवडता दिवस. पैसेवाली माणसं त्या दिवशी एक गंमत करायची. नारळ अकराशेला घ्यायचा आणि घेतल्या घेतल्या "पुन्हा लिलावाला!" म्हणत टेबलावर परत ठेवायचा. टाळ्या पडायच्या आणि तोच नारळ पुन्हा पुकारला जायचा.

लिलाव पुकारणारे एक पंच होते, म्हणजे मंडळीच्या कमिटीतले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. आवाज असा की माइक लागत नसे. त्या वर्षी आईनं परसातल्या घेवड्याच्या शेंगा आणल्या होत्या, निवडून, स्वच्छ फडक्यात बांधून. त्या तीस रुपयांना गेल्या. मग काकांनी कुणीतरी आणलेलं ते डांगर दोन्ही हातांनी वर उचललं आणि त्यांची नजर आमच्या सतरंजीवर आली.

"काय वैनी, दर सालाला नुसतं बघायलाच येता व्हय? थेटर हाय का हे?"

सगळे हसले. वाईट हेतूनं नसतील हसले. आईनं पदर सारखा केला आणि जमिनीकडे बघत राहिली. तेवढ्यात माझ्या दुसऱ्या बाजूनं आवाज आला, "पाचशे!"

माझी धाकटी बहीण उभी होती. अकरावीत, सोळावं नुकतंच लागलेलं.

"आरं वा! वाघीण हाय की!" काका म्हणाले. मागून कुणीतरी मजेनं सहाशे केले. तिनं आठशे केले. मी तिची ओढणी ओढली, तिनं माझा हात झटकला. हजार झाले. बाराशे झाले. "दीड हजार," ती म्हणाली आणि पुढे कुणी बोली वाढवली नाही. मग टाळ्या. तेवढ्या टाळ्या आमच्या घराला तिथं कधीच मिळाल्या नव्हत्या.

ती पुढे गेली, डांगर घेतलं, वळून आईकडे बघून हसली आणि म्हणाली, "पुन्हा लिलावाला!"

"ठेव की बाळ, ठेव," काका वहीत लिहीत म्हणाले. "देवाला दोनदा मिळंल. तुझं दीड हजार मी लिहिलं हं हितं."

तिचा चेहरा उतरलेला मला मागूनही कळला, कारण तिनं डांगर टेबलावर ठेवलंच नाही. ते पोटाशी धरून ती तशीच परत आली.

येताना बसमध्ये ती माझ्या कानाशी लागली. "ताई, मला वाटलं परत ठेवलं की झालं. ते लोक परत ठेवतात तेव्हा कुठं देतात पैसे?"

"देतात गं. दोन्ही वेळचे देतात."

"मला कुणी सांगितलंच नाही."

खरंच कुणी सांगितलं नव्हतं. मी तीन वर्षं ताळेबंद जुळवत होते, आणि बोली म्हणजे काय हे बहिणीला कधी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात पैशाबद्दल पोरांशी बोलत नाहीत. पैसे नसतात तेव्हा दार लावून बोलतात आणि असतात तेव्हा बोलतच नाहीत.

घरात दीड हजार नव्हते असं नाही. पण त्यातच किराणा होता आणि माझी परीक्षा फीही. पुढच्या रविवारी, दान गोळा झाल्यावर, काकांनी वही उघडली आणि 'येणं बाकी' म्हणून तिचं नाव वाचलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. तिसऱ्या रविवारी नाव वाचल्यावर आई उठली, चपला घातल्या आणि बाहेर गेली. त्यानंतर ती गेली नाही.

आता रविवारी सकाळी ती भांडी घासायला काढायची, आदल्या रात्री घासलेली. गाणं नाही, गुणगुणणं नाही. वडिलांनाही ते खुपलं. "तिला कुठंतरी दुसरीकडं बसव बाई," ते मला म्हणाले. "घर कसं बंद पडल्यासारखं झालंय."

म्हणून मी आईसाठी चर्च शोधायला लागले. ओळख नसलेल्या दारात शिरायला मला भीती वाटते, कॉलेजच्या ऑफिसातसुद्धा मी आधी दोनदा दारावरून फिरून येते. तरी जात राहिले. एका ठिकाणी स्टेज होतं, मोठे स्पीकर होते आणि सगळी गाणी हिंदीत. आईची हिंदी टीव्हीपुरती. दुसरं आंबेगाव तालुक्यात. तिथं बसायच्या आधीच तिघांनी विचारलं की तुम्ही मूळचे कोण. मी म्हटलं, "मूळचे माणूसच." म्हणजे असं मनात म्हटलं. तोंडानं फक्त "नगरकडचे" म्हणाले आणि प्रार्थना संपायच्या आधी निघून आले.

तिसरं जुन्नरला, एका गल्लीत. एवढीशी खोली, वीस-बावीस माणसं. एक बाई न विचारता सरकल्या, गायनाचं पुस्तक निम्मं माझ्याकडे सरकवलं आणि कानात म्हणाल्या, "खाऊन आलीस का गं? सुकलीयस." दान गोळा करायला ताट नव्हतं. काठीला लावलेली कापडी पिशवी फिरत होती, तोंड चिंचोळं. हात आत घालायचा आणि बाहेर काढायचा. कोण किती टाकतं, काही टाकतं की नाही, कुणाला दिसत नव्हतं. मी दहाची नोट टाकली आणि तिथं बसल्या बसल्या ठरवलं की आईला इथं आणायचं.

आई भांडी घासत ऐकून घेत होती. पिशवीचं सांगितलं तेव्हा तिचे हात थांबले. मग तिनं विचारलं, "हंगामाचा सण करत्यात का तिथं?"

"करतात. लिलावपण असतो." हे मी जरा घाबरतच सांगितलं.

"असायलाच पायजे," ती म्हणाली. "लिलावानं काय माझं वाईट केलं न्हाई." आणि पुन्हा तांब्या घासायला लागली. "पर मी न्हाई यायची. एका देवळाचं देणं अंगावर ठिवून दुसऱ्या देवळात कशी बसू? तिथं बी माझ्या कानात तेच नाव वाजंल."

तेव्हा मला कळलं की चर्च सापडून उपयोग नव्हता. आधी खाटेखालचं डांगर निघायला हवं होतं.

मी पुस्तक घेऊन काकांना भेटायला गेले. कॉलेजला कायद्याचा एक पेपर होता, त्यातलं ते पान मी दुमडून ठेवलं होतं. काका हॉलसमोर फटफटी पुसत होते.

"काका, सलाम," मी म्हटलं; आमच्यात नमस्काराला सलामच म्हणतात. "माझी बहीण अठराच्या आतली आहे. अशा मुलांशी केलेला करार कायद्यानं करारच नसतो." मी दुमडलेलं पान उघडून पुढे धरलं.

त्यांनी पुस्तकाकडे बघितलंही नाही. "पोरी, दोन बुकं शिकलीस म्हणून देवाला कायदा शिकिवतीस व्हय?"

"तसं नाही, पण निदान नाव तरी वाचू नका."

"नियम तो नियम. सगळ्यांची वाचतो."

स्टँडवर आल्यावर मला उत्तर सुचलं. देवाला नाही काका, तुम्हाला शिकवतेय. ते मी एसटीच्या वेळापत्रकाला ऐकवलं.

घरी मी जाहीर केलं की पैसे द्यायचे नाहीत. कायदा आपल्या बाजूनं आहे, डांगर कापा. आई म्हणाली, "कायदा सोडवंल गं. पर ती बोलली. देवळात उभी राहून बोलली." मी चिडले. या बोलण्यानंच आपल्याला असं दाबून ठेवलंय, असं बरंच काही मी बोलले. बहीण इतका वेळ खाटेवर पाय हलवत बसली होती. ती म्हणाली, "ताई, मी देते. माझ्या कमाईतून. तुझ्या नाही आणि आईच्याही नाही."

जानेवारीत येडगावकडे कांद्याच्या रोपांची लागण जोरात होती. शनिवारी तिची शाळा सकाळची. दुपारनंतर ती बायकांबरोबर जायची, अर्ध्या दिवसाचे दोनशे मिळायचे. रविवारी कामाला जायला आईची परवानगी नव्हती. बाकी किती राहिले ते ती पेननं तळहातावर लिहायची. चिखलात ते पुसायचं, ती घरी येऊन हात धुवून नवा आकडा लिहायची.

तिच्या वर्गातल्या दोघी तिच्याबरोबर जायला लागल्या. एकीला मोबाइल हवा होता, दुसरीला नुसतीच मजा. संध्याकाळी तिघी आमच्या ओट्यावर पाय सोडून बसायच्या आणि मी त्यांना पैशाचं शिकवायचं ठरवलं. पहिल्या शनिवारी मी बचतीची व्याख्या सांगितली. मोबाइलवालीनं विचारलं, "ताई, हे पेपरला येतं का?" दुसऱ्या शनिवारी मी मोबाइलवालीला विचारलं की तिचे मागच्या आठवड्यातले दोनशे कुठे गेले. तिघींनी मिळून आठवलं तरी एकशे दहाचाच हिशेब लागला. बाकीचे नव्वद हवेत. मग मोबाइलवालीचा हप्ता आम्ही महिन्यांनी गुणला, आणि ती म्हणाली, "एवढ्यात तर दीड मोबाइल येतो की राव!" व्याख्येपेक्षा हे चाललं.

तिसऱ्या शनिवारी मी आतून एक वांगं आणलं. "याचा लिलाव. मी तुम्हाला चिडवणार, तुमच्या आईबापावर बोलणार. मनात आधी एक आकडा धरा. त्याच्या पुढं गेलं की तोंड मिटायचं. खाली बसायचं. खाली बसण्यात लाज नाही."

आमच्या शेजारी एक मावशी राहतात. त्यांच्या घरात अजून वीस-पंचवीस मेंढरं आहेत. त्या कोकरू काखेत घेऊन बघायला आल्या.

"दहा," बहीण म्हणाली.

"दहा? तुझ्या घरात भाजी शिजते का नुसतं पाणी?" मी म्हटलं. काकांचा आवाज काढायचा प्रयत्न होता.

"वीस!" मोबाइलवाली ओरडली.

"पन्नास," मावशी म्हणाल्या.

"मावशी, तुम्ही नाही!"

"का? माझं पैसं पैसं न्हाईत व्हय? शंभर!" मग वांग्याकडे नीट बघून म्हणाल्या, "नाय, नाय, ऱ्हाऊ दे. किडकं हाय, आन् माझ्या परसात झाड हाय वांग्याचं." आम्ही हसून लोळलो. मावशी मात्र ओट्यावर टेकल्या आणि कोकराच्या कानामागं खाजवत म्हणाल्या, "पोरींनो, ही कसली तुमची बोली? आमच्यात मेंढरू इकायचं तर हातावर रुमाल टाकत्यात. रुमालाखाली बोटं धरायची, बोटांवरच भाव. घेणाऱ्याला ठावं आन् देणाऱ्याला ठावं. कुणाचा खिसा केवढा, ते गावाला कशापायी कळाय पायजे?"

आई दारात उभी होती. "येशूनं बी हेच सांगितलंय, उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये," ती हळूच म्हणाली.

"मग तुमच्या देवळात कुणी ऐकलं न्हाई वाटतं," मावशी म्हणाल्या.

शेवटचे शंभर द्यायचा रविवार फेब्रुवारीअखेरीस आला. दर वेळी मी आणि बहीण जायचो, मागे उभ्या राहून पैसे द्यायचो आणि उरलेल्या रकमेसकट तिचं नाव ऐकून परत यायचो. त्या दिवशी आईनं साडी बदलली आणि आमच्याबरोबर निघाली. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दान झालं. बहिणीनं शंभर दिले. काकांनी वहीत लिहिलं आणि वही मिटली.

"काका, आज माझं नाव वाचा," बहीण म्हणाली.

"आता कशाला? फिटलं की तुझं."

"बाकी होतं तेव्हा पंधरा रविवार वाचलंत. आता फिटलं तेपण वाचा."

"फिटलेलं वाचायची पद्धत न्हाई आपल्यात."

पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, तरुण आहेत, भले आहेत, आणि कमिटीला घाबरतात. ते म्हणाले, "बघू, पुढच्या वेळेला बघू." माझी बहीण खाली बसली नाही. मीही तिच्या बाजूला जाऊन उभी राहिले. तेव्हा मागून आई पुढे आली. तिथं कधी तोंड न उघडलेली माझी आई.

"आणा ती वही."

काकांनी दिली नाही. आईनं हात पुढे धरून ठेवला. शेवटी पाळकसाहेबांनी वही घेतली आणि तिच्या हातात दिली. आई चौथीपर्यंत शिकली. पुढचं वाचन तिचं गायनाच्या पुस्तकावर झालेलं. तिनं ओळीखाली बोट ठेवलं आणि अडखळत, मोठ्यानं, माझ्या बहिणीचं पूर्ण नाव वाचलं. "दीड हजार. जमा. बाकी काय न्हाई." एका म्हाताऱ्या बाईंनी टाळी वाजवली, एकच, आणि थांबल्या.

आईचं बोट तसंच खाली सरकलं. मी तिच्या खांद्यावरून बघत होते, म्हणून मलाही दिसलं. नारळाचे अकराशे, बाकी. तोच नारळ, सातशे, बाकी. उसाची मोळी, कोंबडी. काकांचं स्वतःचं नाव दोनदा, दोन्हीपुढे बाकी. मागच्या सालाचंही. यातलं एकही नाव आम्ही कधी ऐकलं नव्हतं. परत ठेवणारे पैसे कुठं देतात, हे माझ्या बहिणीनं बसमध्ये बरोबर विचारलं होतं. उत्तर मी चुकीचं दिलं होतं.

मला वाटलं, वाच. आई, वाच आता सगळी. काकांनी मान खाली घातली होती, आईनं पदर सारखा करताना घातली होती तशीच. आईनं त्यांच्याकडे एकदा बघितलं, वही मिटली आणि टेबलावर ठेवली.

"बाकीची मी न्हाई वाचायची," ती म्हणाली. "ज्याची त्यानं बघा. सलाम."

आम्ही तिघी बाहेर पडलो. रस्त्यात मी भांडले तिच्याशी. का नाही वाचलंस, एवढी संधी होती. ती चालत राहिली. स्टँड आल्यावर म्हणाली, "नाव वाचल्यावर कसं वाटतं ते मला ठावं हाय." मला ते तेव्हा पटलं नाही. खरं सांगायचं तर अजून पूर्ण पटलेलं नाही. मी असते तर वाचलं असतं. म्हणूनच इथे लिहितेय, कुणाचंही नाव न लिहिता. आईसाठी एवढी माघार मी घेतली.

पुढच्या शनिवारी डांगर खाटेखालून निघालं. एक बाजू मऊ पडली होती, तेवढी काढून टाकावी लागली. उरलेलं आईनं किसलं, गुळात शिजवलं, कणीक मळली आणि घारगे तळले. चार मावशींकडे गेले. रविवारी सकाळी उरलेले डब्यात भरून आम्ही जुन्नरची एसटी पकडली. वडीलही येतो म्हणाले, त्यांना घारगे आवडतात.

बहिणीनं मांडीवरच्या डब्याचं झाकण उघडून मोजदाद केली. "आई, सगळे मिळून वीस झाले होते. म्हणजे एक घारगा पंचाहत्तर रुपयांना पडला."

"मग मावशीला तीनशेचं दिलं की आपण," वडील म्हणाले.

"गप बसा," आई म्हणाली. "रुमालाखालचं हाय ते."

गल्लीतल्या त्या खोलीत त्याच बाई पुन्हा सरकल्या. त्यांनी आईला विचारलं, "कुठून आलात हो?"

"दुसऱ्या देवळातून," आई म्हणाली. "सगळं चुकतं करून आलोय." आणि गायनाचं पुस्तक उघडायच्या आधी तिनं डबा त्यांच्यापुढे केला. "घ्या. आमच्या पोरीच्या कमाईचं हाय."